रुसलेली कालवड आणि पुण्याचा फोन

आई ताईच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आणि इकडे आमची कालवड व्याली. मलकापूरच्या अलीकडे, रत्नागिरी रस्त्याला लागून आमचं घर. घरात माझे वडील, म्हणजे आबा, आणि मी, दोघंच. ही कालवड आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. आईचा हात अंगावरून फिरल्याशिवाय पेंडेला तोंड लावायची नाही. ती व्यायच्या आत परत यायचं आईनं ठरवलं होतं, पण ताईला टाके पडले आणि मुक्काम लांबला.

वासरू पडलं ते ओलंचिंब, थरथरत. कालवडीनं वळून पाहिलं, फुसकारली आणि दाव्याला हिसका देऊन लांब सरकली. वासरू कासेशी गेलं की लाथ. आबांनी वासराच्या अंगावर मीठ आणि कोंडा चोळला. तिनं तो चवीनं चाटला आणि संपताच वासराला शिंगानं ढकललं. शेवटी मी तिची म्होरकी धरली, आबांनी कसाबसा चीक काढला आणि वासराला बाटलीनं पाजला.

गुरांचे डॉक्टर येऊन कास बघून गेले. "सूज न्हाय, सडबी चांगलं हायती. पहिली खेप हाय, भ्यालीया. मारू नका, दमानं घ्या."

दुसऱ्या दिवशीही तेच. आबा खांबाला टेकून उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "हिच्या आईला फोन लाव."

मी स्पीकर चालू करून फोन कालवडीच्या कानाशी धरला.

"काय गं बाय, मी न्हाय म्हणून रुसलीस व्हय?" आईचा आवाज गोठ्यात घुमला. "तुझंच लेकरू हाय न्हवं ते? घे की जवळ."

कालवडीचे कान फिरले. आई बोलतच राहिली. ताईच्या बाळाला जावळ किती आहे, तिथलं पाणी कसं गोड लागत नाही, पहाटे जाग येते पण झाडायला अंगणच नाही. आबांनी वासरू हळूच कासेला लावलं. कालवडीनं एक पाय उचलला, पण लाथ मारली नाही. पान्हा सुटला.

मग सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी फोन ठरलेला. हळूहळू कालवड फोनशिवायही वासराला चाटायला लागली, ते दिसेनासं झालं की हंबरायला लागली.

एका संध्याकाळी आबांनीच फोन लावला. "अजून लाथा झाडतीया," ते आईला म्हणाले. "तू आल्याबिगर काय खरं न्हाय."

मी चकित होऊन बघत राहिले. वासरू तर शेजारीच कासेला ढुशा देत पीत होतं.

पलीकडून आई हसली. "खोटं बोलू नगासा. पितंय त्येचा आवाज येतोय की मला."

आबांनी वासराच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाले, "फोन ठेवू नगंस."

"न्हाय ठेवत."

मी वैरण आणायला म्हणून बाहेर पडले.

आई आली तेव्हा आबा केव्हाचे रस्त्यावर जाऊन थांबले होते. बसमधून उतरल्यावर ती आधी गोठ्यात शिरेल असं मला वाटलं होतं. पण ती तिथंच उभी राहिली, आबांकडे बघत म्हणाली, "किती वाळलायसा!"