मिरवणुकीतली पहिली जागा

वेंडेल क्रॉफ्टला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती: सगळ्यांच्या पुढं चालायचं. ओहायोच्या अवाढव्य विद्यापीठात त्यानं उमेदीची वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि दरसालच्या पदवीदानाच्या मिरवणुकीत काळा झगा घालून कुणाच्या तरी पाठीकडं बघत चालला. तिथली पक्की नोकरी सोडून व्हरमाँटच्या डोंगरातल्या या नव्या कोऱ्या, टीचभर कॉलेजात तो आला तो त्यासाठीच. बायकोला मात्र म्हणाला, "विद्यार्थ्यांसाठी."

इथं पोरांनी कवितेपासून गणितापर्यंत सगळंच थोडंथोडं चाखायचं. शिकवणारे वेंडेलच्या लेखी निव्वळ खोगीरभरती. कवितेच्या हेस्टरला टक्केवारी जमत नाही, तत्त्वज्ञानवाला वर्गात नुसत्या मोज्यांवर फिरतो.

कॉलेजच्या उद्घाटनाची मिरवणूक जवळ आली. रिवाज असा, की जुना मास्तर पुढं. इथं सगळेच एका दिवशी रुजू झालेले.

"वयानं लावू या," डीन कोरा म्हणाली.

"मग मीच पहिली," हेस्टर म्हणाली, "पण माझे गुडघे तुम्ही उचला."

वेंडेल गालात हसला. "ज्याला जागेची खरी किंमत आहे, त्यानं ती मोजावी. वर्षभर किती समित्यांवर राबणार, ते चिठ्ठीवर गुपचूप लिहा. मोठा आकडा पुढं."

सगळे आपल्यासारखेच हपापलेले, असं धरूनच त्याची विद्या चाले. मोजेवाला चार लिहील, गाणं शिकवणारा सहा. वेंडेलनं आठ लिहिले.

कोरानं चिठ्ठ्या उघडल्या. शून्य. शून्य. कोरी. एकीवर बदक काढलेलं. मग आठ.

"अगं बाई, आठ!" हेस्टर किंचाळली. "एवढ्या समित्या आहेत तरी का आपल्याकडं?"

"नव्हत्या," कोरा म्हणाली. "दोन नव्या काढू."

वेंडेलचं तोंड उतरलं. "तसं बघितलं तर, अशा लिलावात जिंकणाऱ्यानं दुसऱ्या नंबरची बोली तेवढीच द्यायची असते."

"दुसऱ्या नंबरला शून्य आहे," कोरा म्हणाली.

"तेच तर म्हणतोय."

"आधी सांगायचंस, राजा."

मिरवणुकीच्या दिवशी वेंडेल मान ताठ करून निघाला. मागं वळून बघणं त्या जागेला शोभलं नसतं, म्हणून बघितलं नाही. बाकीचे वाटेतल्या सफरचंदाच्या रसाच्या टेबलापाशी थबकून खिदळत होते. समारंभाच्या तंबूत तो एकटाच शिरला. पोरांचे आईबाप उभे राहिले, त्याच्या खांद्यावरून मागं बघत राहिले, आणि कुणीच येईना तेव्हा खाली बसले.

एका बापानं त्याच्या झग्याची बाही ओढली. "अहो, आमच्या म्हातारीला खुर्ची मिळेल का?"

वेंडेल खुर्ची आणायला गेला. खुर्च्यांची समितीही त्याच्याच गळ्यात होती.