ओटा तोडला तेव्हा

देवासच्या बस-अड्ड्यावर आम्हाला दिल्लीच्या गाडीपर्यंत नेणारी इंदूरची बस लागली, तेव्हा बाबांनी माझं शिवणयंत्र स्वतः टपावर चढवलं आणि दोरी ओढून ओढून बघितली. ह्यांची फॅक्टरी बंद पडली होती आणि दिल्लीच्या कडेला एका कारखान्यात ऑपरेटरची जागा मिळाली होती. आई एवढंच म्हणाली, "पोरांशी मराठीतच बोल गं, नाहीतर ती आम्हाला परकी होतील."

दादा, वहिनी, तुम्ही फोनवर विचारता, तिथं इतकी वर्षं कसं निभावलंत. म्हणून हे लिहायला बसले.

कारखान्याजवळची चांगली घरं आमच्या पगारात बसत नव्हती. मग शेतं कापून वसलेल्या एका कच्च्या कॉलनीत दोन खोल्यांचं मकान घेतलं. कच्ची म्हणजे भिंती पक्क्याच, फक्त सरकारच्या नकाशावर कॉलनी नव्हती. पाणी टँकरचं. गली मुळातच अरुंद, त्यात ज्यानं त्यानं पायऱ्या आणि चबुतरे बाहेर काढलेले. आम्हीही तेच केलं. ह्यांनी दारापुढे देवाससारखा ओटा बांधला, वर पत्रा टाकला आणि मी तिथं मशीन मांडलं. ब्लाउज, फॉल-पिको, सगळं तिथंच. येणारी-जाणारी बाई थांबायची, दोन शब्द बोलायची. त्या शहरात तेवढीच जागा मला माझी वाटायची.

समोर पूनम राहते, बिहारची. तिला कळा सुरू झाल्या त्या दुपारी रिक्षा गलीच्या तोंडाशीच अडली. आम्ही बायकांनी तिला खाटेवर घालून मोठ्या रस्त्याकडे नेलं. आमच्या ओट्यापाशी खाट वळेना. तिरकी करावी लागली. पूनमनं माझा हात घट्ट धरला होता. पुढे मायलेकी सुखरूप घरी आल्या, पण ती तिरकी झालेली खाट माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

गली मोकळी करायची म्हणून सगळ्यांची बैठक झाली. नळाची लाइन टाकायलाही जागा हवी होती. पण जो तो म्हणे, आधी शेजाऱ्यानं तोडावं. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "आपला ओटा तोडू या."

"मशीन कुठं मांडशील?"

"आत, खिडकीशी. गिऱ्हाईक कमी आलं तर येऊ दे."

 रविवारी सकाळी ते घण घेऊन बाहेर पडले.  पूनमचे सासरे दारात उभे राहून बघत होते. एक मोठा दगड निघेना, तेव्हा ह्यांनी देवासच्या सवयीनं त्यांनाच हाक मारली, "भिया, जरा हाथ लगाना." त्यांनी हात लावला. मग आत गेले, छिन्नी घेऊन आले आणि आपल्या पायऱ्या फोडू लागले. संध्याकाळपर्यंत अर्धी गली धुळीनं पांढरी झाली होती.

आता नळ आलाय, रिक्षा दारापर्यंत येते. नकाशाचं अजून चाललंच आहे. माझं काम काही महिने मंदावलं, नंतर बायका आत येऊन बसायला लागल्या.

मागच्या दिवाळीत देवासला आले होते. देवीच्या टेकडीवर जाऊन आलो, पोहे-शेव झाले, आणि बोलता बोलता मी म्हणून गेले, "परवा घरी जायचंय." घरी म्हणजे त्या गलीत, आणि माझी मीच चमकले. तुम्ही दोघं हसलात. आई हसली नाही. ती आत गेली आणि मुगाच्या पापडांची दोन पाकिटं बांधून घेऊन आली.

"एक तुझं," ती म्हणाली. "एक त्या पूनमला दे. आणि पुढल्या खेपेला मुलीला घेऊन ये म्हणावं."