देवीच्या नथेसाठी मोती

नऊ वर्षांचा होईपर्यंत माझ्या नाकात सोन्याची वाळी होती आणि पाठीवर वेणी. दोन्हींचा मला मनस्वी राग होता. माझ्याआधीचे तिघे भाऊ पाळण्यातच गेले. म्हणून माझ्या वेळी सुईणीनं दाराबाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं, "पोरगी झाली वो!" आमच्या कुरुंद्याच्या गल्लीत मुलगे नेणारं जे कुणी फिरत असेल, त्यानं हे ऐकावं आणि पुढं जावं, एवढाच हेतू. मग माझं नाक टोचलं आणि केसांना कात्री लावायची नाही असं ठरलं. आईनं गावच्या देवीला नवस बोलला की, लेकरू जगलं तर तुला हैद्राबादच्या मोत्यांची नथ घालीन आणि मगच याची वाळी काढीन. हैद्राबादच का, तर तिला ठाऊक असलेल्या गावांत तेच सगळ्यात लांबचं होतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आसपासची ही गोष्ट. मला नांदेडला मामाकडं ठेवून शाळेत घालायचं ठरलं होतं. नाकात वाळी घेऊन शाळेत गेलेल्या पोराचं काय होतं, ते गावातल्या पोरांनी मला फुकटात दाखवून ठेवलं होतं. तेव्हा माझी सगळी भिस्त त्या मोत्यांवर. मोती आले की नथ होणार, देवीला नथ चढली की वाळी निघणार.

मोती आणायला आम्ही तिघं हैद्राबादला निघालो, आणि वसमतला गाडीत बसल्यापासून माझा पाय जमिनीवर ठरेना. पूर्णेला गाडी बदलली, तिथंही मी फलाटावर येरझाऱ्या घातल्या. "अजून किती लांब हाये?" हे मी वडिलांना इतक्यांदा विचारलं, की शेवटी त्यांनी खिडकीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. आई मात्र मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती.

चारमिनारजवळ टांग्यातून उतरलो आणि मोत्यांच्या दुकानांना सुरुवात झाली. पहिल्या दुकानात आई म्हणाली, "पिवळे हायेत." दुसऱ्यात म्हणाली, "वाकडे हायेत." तिसऱ्या दुकानदारानं डबीच्या तळातून जपून ठेवलेले काढले, तर ते तिला बारीक वाटले. घरी जिला तांदळातले खडे दिसत नसत, तिला इथं मोत्यावरचा सुईच्या टोकाएवढा डाग दिसू लागला. मी कधी उठत होतो, कधी बसत होतो, वेणी ओढत होतो. समोर बांगड्यांच्या दुकानात सारखा किणकिणाट चालू होता आणि तो माझ्या डोक्यातच होऊन राहिलाय असं वाटत होतं.

"अगं, देवीला नथ घालायची हाये का देवीचं लगीन जमवायचंय?" वडील वैतागून म्हणाले. "गाडी चुकंल आपली."

"चुकू द्या," आई म्हणाली.

आणखी एका दुकानात शिरलो. सोनेरी चष्म्याचा म्हातारा व्यापारी होता. त्यानं लाल कपड्यावर मोती ओतले, मग माझ्याकडं पाहून हसला आणि म्हणाला, "अम्मा, ये बारीक वाले बिटिया के वास्ते भी ले लो. क्या सूरत पाई है बच्ची ने!"

त्याचीही चूक नव्हती. आमच्याकडं मुली परकर नेसतात, म्हणून गावात वेणीसकट मी मुलगाच दिसायचो. पण प्रवासासाठी वडिलांनी मला लांब सदरा आणि पायजमा शिवून घेतला होता, आणि हैद्राबादेत मुलींचा वेश नेमका तोच. मी आईकडं पाहिलं. दिवसभरात ती पहिल्यांदा हसली होती, अगदी मनापासून. त्या हसण्यानं माझं डोकंच फिरलं.

मी गादीवर उभा राहिलो आणि ओरडलो, "मी पोरगी न्हाई! पोरगा हाये! पोरगा!"

रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. आईचा हात माझ्या तोंडावर असा आदळला की वाळी नाकात रुतली. ती व्यापाऱ्याकडं पाहत नव्हती, माझ्याकडंही नाही. ती रस्ता न्याहाळत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कोनी ऐकलं का?" तिनं वडिलांना विचारलं.

"ऐकलं तं ऐकलं. काय होतंय?"

"काय होतंय?" आई म्हणाली. "तिघांनाबी मी राजा, माझा राजा म्हनून हाका मारल्या व्हत्या. दारात उभी राहून, मोठ्यानं. ते काय झालं मंग?"

वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मोत्यांत खोट नव्हतीच. मोती घेतले की वाळी निघणार, आणि वाळी निघाली की मी उघडा पडणार, म्हणून तिला एकही पसंत पडत नव्हता. मला तिची फार दया आली. राग गेला नव्हता, पण तोंडावरचा तो हात सोसवेना.

व्यापारी पुरता गोंधळला होता. "माफ करना अम्मा. लडका है क्या?"

वडील "हो" म्हणायला तोंड उघडत होते. त्यांच्या आधी मी आईचा हात बाजूला केला आणि समोरच्या बांगडीवाल्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "न्हाई. पोरगीच हाये मी."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं कपड्यावरचे मोती मुठीत आले तेवढे उचलले आणि व्यापाऱ्यापुढं धरले.

"अगं, पाह्यले तरी का?" वडील म्हणाले.

"बांधा लवकर," आई व्यापाऱ्याला म्हणाली, अख्ख्या बाजाराला ऐकू जावं अशा आवाजात. "माझी लेक नांदेडला शिकाया जानार हाये."