दिलेली वही

आमच्या जिल्ह्याच्या गावी शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळी मास्तरांचीच घरं. बहात्तरच्या दुष्काळानंतरचे दिवस. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी शेंगांच्या चटणीशी खायची आणि ताठ मानेनं फिरायचं. ज्याच्या अंगावर कोरं धोतर दिसे, त्याच्याकडे लोक संशयानं बघत. माझे वडील, दादा, संस्कृत शिकवायचे. शिकवणीचे पैसे घेणं त्यांना पाप वाटे. मागेल त्याला पुस्तक द्यायचं आणि दिलेलं परत मागायचं नाही, हा तर गल्लीचाच कायदा. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू! मूर्ख कुठली मी.

बी.एस्सी.ची पुस्तकं विकत घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. दोन वर्षं लायब्ररीत बसून मी रसायनशास्त्राची जाडजूड वही लिहून काढली. पहिला वर्ग मिळाला तर पुण्याला जाऊन एम.एस्सी., नाहीतर लग्न, असं घरात ठरलेलंच होतं. परीक्षेला आठ दिवस राहिले असताना कॉलेजातून घरी आले, तर फडताळात वही नाही. माझ्या वर्गातला वळसंग गावचा मुलगा येऊन दादांकडून मागून घेऊन गेला होता. दादांनी मला विचारलंसुद्धा नव्हतं.

मी तशीच चप्पल घालून एस.टी. पकडायला निघाले. दादा दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "दिलेलं परत मागितलंस, तर गल्लीत मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही." तू हुशार आहेस, तुला वहीची काय गरज, असंही वर ऐकवलं. आणि मी थांबले. दादांपेक्षा मला माझाच राग जास्त येतो.

मला दुसरा वर्ग मिळाला, त्याला पहिला. पेढे घेऊन आला. वहीला नवं खाकी कव्हर घालून परत आणली होती. "लई उपकार झाले बघा तुमचे," मला म्हणाला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? दादा मात्र नुसते फुलून गेले होते. तो गेल्यावर मला म्हणाले, "बघ, विद्या दिल्यानं वाढते."

"वाढली ना. त्याच्या घरी," मी म्हटलं.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. सासरी निघताना ती वही ट्रंकेत टाकावी म्हणून फडताळ उघडलं, तर जागा रिकामी. दादांनी ती आणखी कुणाला तरी देऊन टाकली होती.