शेवट गुरुवारी

डायलिसिसच्या खोलीत खुर्च्या सहा, टीव्ही एक, आणि रिमोट कायम एकाच मांडीवर. ती मांडी ज्यांची, त्यांना सगळे रिमोटकाकू म्हणत. रिमोट त्यांना दिला कुणी हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा डॉक्टरांनी बातम्या लावायला मागितला, तर काकू म्हणाल्या, "बातम्या बघून कुणाचं रक्त शुद्ध झालंय का आजवर?" डॉक्टर बिचारे आले तसे परत गेले.

काकूंनी उमेदीची सगळी वर्षं एका कारखान्याचं कॅन्टीन चालवलं होतं. पन्नास तक्रारींना एका तोंडाने पुरून उरायची सवय. किडन्या गेल्या, ती काही गेली नाही. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी हातात सुया टोचून घ्यायच्या, नळ्यांतून रक्त मशीनकडे निघालं की भाचीने भरून दिलेला पेनड्राइव्ह सिस्टरकडून टीव्हीला लावून घ्यायचा, आणि मग चार तास सिनेमा कमी अन् काकू जास्त.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत ऑपरेटर बसायचे. थिएटरच्या वरच्या खोलीतून पडद्यावर सिनेमा सोडण्यात त्यांचा जन्म गेला. थिएटर बंद पडलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. माणूस मोजकं बोलणारा. त्या सोमवारी तर त्यांनी ठरवूनच टाकलं होतं की आजचं शेवटचं, गुरुवारपासून यायचं नाही. सिस्टर सुई टोचत असताना तिला हळूच म्हणाले, "माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी दे."

सिस्टरचा हात थबकला. "काका, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळतो. न कळायला काय झालं? दोन आठवड्यांत कारभार आटोपतो. थकलो गं मी. पोरीला मात्र बोलू नकोस."

पोर म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. दोन्ही दिवस अर्धी रजा टाकून बापाला स्कूटरवरून आणायची, न्यायची, आणि ऑफिसात साहेबाची बोलणी खायची. घरी चकार शब्द काढायची नाही. पण बापाला काय डोळे नसतात होय? तिच्या गळ्यातलं हे लोढणं सोडवायचं, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं होतं. सिस्टर म्हणाली, डॉक्टरांना सांगावं लागेल. ऑपरेटर म्हणाले, "गुरुवारी आलो नाही की सांग."

इकडे पडद्यावर काकूंनी धरण फोडायला घेतलं होतं. संकटाचा सिनेमा: डोंगरात धरण, खाली गाव, भिंतीला तडा. आता गंमत बघा, या खोलीत सगळ्यांना पाणी मोजून. दिवसाला चार पेले, त्यातच चहा आला. आणि समोर भिंतभर पाणी!

"मेल्यांनो, एवढं पाणी!" काकू कळवळल्या. "इथे घोटभर जास्त प्यायले तर डॉक्टर डोळे वटारतात, आणि यांना नको झालंय!"

सहाच्या सहा खुर्च्या हसल्या. ऑपरेटरही हसले, नाइलाजाने.

काकूंचं बघणं न्यारंच. नायक-नायिका पळत होते, मिठ्या मारत होते, काकूंचं त्यांच्याकडे लक्षच नाही. "या दोघांना काही होत नाही, त्यांचे पैसे जास्त असतात. तुम्ही तो मागचा बघा." मागचा म्हणजे धरणाचा म्हातारा चौकीदार. यंत्र बंद पडलं म्हणून दारं हाताने उघडायला तो एकटाच उलटा आत निघाला होता. "हा खरा माणूस. आणि सांगून ठेवते, हा जगणार. असली चिवट माणसं मरत नसतात."

ऑपरेटरांनी मान फिरवली. हा सिनेमा त्यांनी थिएटरात पाच आठवडे सोडला होता, रोज चार खेळ. म्हातारा परत येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

म्हातारा दारं उघडायच्या चाकाला हात घालतो न घालतो, तोच काकूंनी बटण दाबलं. पडदा काळा. "शेवट गुरुवारी!"

खोलीत एकच ओरडा झाला. हे दर वेळचंच होतं. शेवट बाकी ठेवून काकू सिनेमा तोडायच्या आणि उरलेल्या वेळात त्यांचं लाडकं कार्टून लावायच्या. एक टकला बाप, त्याची कजाग बायको आणि घरात ठाण मांडून बसलेलं बोलकं बदक. बदक दर भागात छपरावरून पडायचं, त्याची पोळी व्हायची, बायको उलथन्याने ते सोडवायची आणि ते पंख झटकून पहिलं विचारायचं, "जेवायला काय आहे?"

"नट असावा तर असा," काकू म्हणायच्या.

"अहो, चित्र आहे ते," ऑपरेटरांना राहवलं नाही.

"चित्र असलं म्हणून काय झालं? पडताना अंग चोरत नाही बघा. आणि उठल्यावर तोंड वाकडं नाही. आपण सोमवारी पोळी होऊन येतो, उठून घरी जातो, गुरुवारी परत पोळी. आपलीच तर गोष्ट आहे ही. फक्त आपण उठल्यावर कुरकुरतो, ते जेवण विचारतं."

सुई काढताना सिस्टर ऑपरेटरांच्या कानाशी म्हणाली, "काकू उगाच नाही तोडत सिनेमा. पूर्वी माणसं कंटाळून दांड्या मारायची. काकूंनी हे सुरू केल्यापासून गुरुवारी खुर्ची रिकामी राहत नाही." ऑपरेटर काकूंकडे बघत राहिले. स्वतःच्या रक्ताची रड असताना ही बाई पाच जणांना ओढून आणत होती, आणि वर त्यांच्याच शिव्या खात होती. बाई भलतीच मोठी होती. पण शेवट माहीत असलेल्याला ओढायचं कशाने?

मंगळवार गेला, बुधवार गेला. ऑपरेटरांना चैन पडेना. काकू कॅन्टीनभर मोठ्या आवाजात बोलत आलेली बाई, सगळ्यांसमोर छातीठोक सांगून बसली होती. गुरुवारी म्हातारा बुडणार, बाकीचे चार फिदीफिदी हसणार, आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी. किंवा कुणीतरी नवखा. हे काही बरं नव्हे, त्यांना वाटलं. एवढा एक दिवस जाऊन येऊ, मग बघू.

गुरुवारी ते आले. सिस्टरने सुई टोचली. सिनेमा सुरू झाला. म्हाताऱ्याने दारं उघडली, पाणी वळलं, गाव वाचलं. लोक टेकडीवर नाचू लागले. म्हातारा आला नाही. नावं सरकू लागली तरी आला नाही.

कुणीही हसलं नाही. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"वाईट सिनेमा," त्या म्हणाल्या. "अगदी वाईट. मेला याचं नाही हो वाईट वाटत. पण आत जाताना एकाला तरी सांगून जायचं! टेकडीवर एवढी माणसं, चौघं चाकाला लागली असती. त्याने हाकच मारली नाही. आणि आम्ही याला शूर म्हणायचं?"

मग एकदम ऑपरेटरांकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं. तुम्ही सोमवारी मान फिरवलीत, मी बघितलं."

"होतं."

"मग आलात कशाला?"

ऑपरेटरांनी घसा खाकरला. "तुम्हाला हे एकटीने बघायला लागू नये म्हणून."

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि सुई नसलेला हात लांब करून त्यांच्या खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. मशीन थांबेपर्यंत तो तिथेच होता.

बाहेर लेक स्कूटरपाशी उभी होती. कपाळावर घाम, खांद्याला ऑफिसची पिशवी. ऑपरेटर मागे बसले नाहीत.

"आज सांगतोच," ते म्हणाले. "मी हे बंद करणार होतो. तुला न सांगता. तुझी फार ओढाताण होते, म्हणून."

लेकीच्या हातातली किल्ली खाली पडली. ती उचलायचंही तिला सुचेना. "बंद म्हणजे? बाबा, तुम्ही असे कसे हो? साहेबाची बोलणी मी खाते ती कुणासाठी? मला एक हाक तरी मारायचीत!"

ऑपरेटरांनी तिचा हात धरला, घट्ट.

"मारतोय की आता," ते म्हणाले. "मारतोय, बाळा."