कुणालीचा उजवा हात

बॉक्सिंगमध्ये राज्याचं पदक आमच्या शेणव्यात एकट्या धाऊनं आणलं. वाशिंदच्या कारखान्यात दिवसभर राबून संध्याकाळी तो ठोसे शिकला. आता त्याची मुलगी कुणाली त्याच वाटेनं चालली आहे, आणि शिकवतो तोच. भाताची झोडणी आटपली, की रिकाम्या खळ्यावर तो दोन्ही हातांत पॅड चढवून उभा राहतो आणि ती त्यांवर ठोसे मारते.

शेजारची रंभा कुंपणाआडून ओरडते, "नाक चपटं झालं तर करून कोन घेल गो तुला?"

"घेल त्यानं आधी सोताचं नाक सांभाळावं, काकी."

धाऊ हसतो. हसताना त्याची मान हलते आणि हसू सरल्यावरही हलत राहते. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, रिंगणात डोक्यावर बसलेल्या माराचं हे. धाऊ म्हणतो, थंडीनं होतं.

हल्ली त्याचा पॅड वेळेवर जागेवर येत नाही. ठोसा सुटलेला असतो आणि समोर बापाचा चेहरा असतो. म्हणून कुणाली उजवा हात मध्येच रोखायला शिकली, त्याला कळू न देता. पॅड सुटले तर हा माणूस जगेल कशावर, ही तिची धास्ती.

जिल्ह्याची लढत मुरबाडला झाली. शेवटच्या फेरीत समोरच्या मुलीची हनुवटी उघडी पडली. कुणालीचा उजवा हात निघाला आणि सवयीनं वीतभर अलीकडेच थांबला. तेवढ्यात तिच्याच कानशिलावर ठोसा बसला. ती हरली.

परतताना जीपमध्ये धाऊनं विचारलं, "हात का आखडलास गो? भ्यालीस?"

"नाय."

"मंग कोनाला वाचवलंस?"

ती हातावरच्या पट्ट्या सोडू लागली.

सकाळी ती उठली तेव्हा तो खळ्यावर पॅड चढवून उभाच होता.

"मार. पुरा."

"बाबा, नको."

"मार बोल्लो ना!"

तिनं मारला. पॅड उशिरा आला. ठोसा खांद्यावर बसला आणि धाऊ पेंढ्यावर कोसळला. ती धावली, तर त्यानं हातानंच तिला लांब थांबवलं. मग बसल्या बसल्या तो पॅडचे पट्टे सोडू लागला. बोटं ऐकत नव्हती.

"मी काढू?"

"ऱ्हाऊ दे. माझं मी काढतो."

बऱ्याच वेळानं पॅड निघाले. ते त्यानं तिच्या पायाशी सरकवले. "हरेसला बोलव. त्याचा हात चपळ हाय."

हरेश तिचा चुलतभाऊ, पलीकडच्याच घरातला. कुणाली त्याच्या दाराशी गेली, पण हाक मारवेना. शेवटी तोच बाहेर आला.

"काय गो, एवढ्या सकाळी?"

"बाबानं बोलावलंय," ती म्हणाली. कशाला, ते तिच्या तोंडून निघेना.