पास व्हायच्या आधीच फ्लेक्स

मुरगूडच्या चौकात माझा फ्लेक्स लागला तवा मी कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या खोलीवर झोपलोवतो. गावाकडच्या मित्राचा फोन आला.

"भावा, नाद खुळा! ॲक्च्युअरी झालास की!"

"कोण झालं?"

"तूच की मर्दा. फोटो टाकलाय बघ."

बघितला. मधी मी, सहलीतला गॉगल लावून. भोवतीनं आमच्या तरुण मंडळाची सगळी पोरं, आणि अध्यक्षाचं तोंड माझ्या तोंडापेक्षा मोठं. वर लिहिलंय, 'ॲक्च्युअरी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'.

मी झालो नव्हतो. त्या लायनीत शिरायची एक प्रवेश परीक्षा असती, तेवढी पास झालतो. म्हंजे लग्नाच्या हॉलच्या दारात अत्तर लावून घेतलं, एवढंच. जेवण अजून शिजायचं हुतं. खरे पेपर डझनभर, त्यातला एकबी दिला नव्हता.

ॲक्च्युअरी म्हंजे विमा कंपनीत बसून, माणसं किती मरतील, गाड्या किती ठोकतील याचा हिशोब मांडून हप्ता ठरवणारा माणूस. हे मी घरात कितीदा सांगितलतं. पण माझी अडचण अशी, की मी साधं बोललो तरी लोकांना नक्कल वाटती. शाळेपासनं हेडमास्तर, कंडक्टर, दूध संस्थेचा सेक्रेटरी, सगळ्यांचे आवाज काढत आलोय. त्यामुळं मी गंभीर तोंड केलं की घरातली विचारतात, "आता ही कोणाची?"

त्यात मला घोर लागलावता तो वेगळाच. बीएस्सी झालती. पुढं दोन वाटा. पुण्याला विद्यापीठात ह्याच विषयाची एमएस्सी करायची, तिथं ठरलेले मार्क पडले की सुरुवातीच्या काही पेपरांतनं सूट मिळती. न्हायतर कॉलेज सोडून थेट बाहेरनं पेपर द्यायचे, घरात बसून. आणि ॲडमिशनची शेवटची तारीख तोंडावर आलती.

कॉलेजातल्या सरांना विचारलं. सरांनी चष्मा कपाळावर सारला. "हे बघ, दोन्हीला फायदे आहेत, दोन्हीला तोटे आहेत. निर्णय तुझा." एवढं ऐकायला मी तासभर स्टाफरूमच्या बाहेर उभारलतो.

मग मुंबईत विमा कंपनीत लागलेल्या सीनियरला फोन लावला. तो बाहेरनंच पेपर देत हुता. म्हणला, "एमएस्सी कशाला? सूट मिळती ती खालच्या पेपरांना. वरचे शेवटी बाहेरनंच द्यावे लागतात."

"मग बाहेरनंच करू?"

"अजिबात नको. मी एकाच पेपरला परत परत बसतोय. कोण शिकवायला न्हाय, कोण विचारायला न्हाय. भिंतीशी बोलायला लागलोय."

"मग करू काय?"

"ते तू बघ. मला मीटिंग हाय."

आता मला माझं माहीत हुतं. मला एकट्याला अभ्यास होत न्हाय. सूत्र कळलं का न्हाय, हे मी दुसऱ्याला सरांच्या आवाजात शिकवून बघतो. तो हसला आणि त्याला कळलं, तर मला कळलं. मुरगूडच्या माडीवर मी कोणाला शिकवणार? मला पुण्यालाच जायचं हुतं. हे सांगायला म्हणून घरी गेलो.

बाबा हायस्कुलात मास्तर. म्हणाले, "आता पुणं कशाला? झालास न्हवं?"

"झालो न्हाय बाबा. प्रवेश परीक्षा हुती ती."

"मग चौकात लावलंय ते खोटं हाय?"

"खोटंच हाय!"

"एवढी पोरं फोटो देऊन खोटं लावतील व्हय?" बाबांचा छापलेल्यावर लई विश्वास. माझं सगळं पडलं तोंडी. "आता परत कॉलेजात गेलास तर लोक म्हणतील नापास झाला. राहिलेलं बाहेरनं देता येतंय न्हवं? घरात बसून दे. गपचूप."

गपचूप! डझनभर पेपर, गपचूप!

आई भाकरी थापत म्हणाली, "घरात बसला तर विचारणार न्हाईत व्हय, साहेब घरात का म्हणून?"

"तू गप," बाबा म्हणाले.

मी तडक अध्यक्षाकडं गेलो. "फ्लेक्स काढ."

"काढतोय कशाला? शनिवारी सत्कार हाय तुझा. फेटा सांगितलाय."

"अरे मी झालो न्हाय!"

"व्हशील की आज ना उद्या. तवा आमी परत खर्च करायचा व्हय?"

शनिवारी फेटा बांधला, नारळ दिला, माईक हातात आला. मी ठरवूनच गेलतो. म्हणलं, "मंडळी, मी ॲक्च्युअरी झालेलो न्हाय." लोक हसले. "खरंच न्हाय. अजून एकबी पेपर दिला न्हाय." टाळ्या. पुढच्या रांगेतला म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "ही दूध संस्थेच्या सेक्रेटरीची. सभेत असंच म्हणतोय, मी काय केलं न्हाय."

मी चिडलो. आवाज चढला, तसा हशा चढला. फेटा डोळ्यावर आला, तर शिट्ट्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचाच आवाज काढला नव्हता आणि एवढा हशा मला कधी मिळाला नव्हता. नारळ कोणाच्यातरी डोक्यात घालावासा वाटला.

बाबा तेवढे हसत नव्हते. घरी जाताना म्हणाले, "एकबी न्हाय?"

"एकबी न्हाय."

"मग हे नीट सांगायचं हुतंस."

"कितीदा सांगितलं बाबा!"

"पुण्याला गेलास तर हुशील?"

"सांगता येत न्हाय. शिकवणारी माणसं हाईत, बरोबर पोरं हाईत. वरचे पेपर तरीबी बाहेरनंच."

"म्हंजे शेवटी दोन्ही करायचंच."

"दोन्ही."

"मग इतके दिवस निवडतोयस काय?"

"सुरुवात," म्हणलं. बाबा म्हणाले, "ॲडमिशनची तारीख कवाची?"

ॲडमिशनला सोमवारी निघालो, तर बाबा स्टँडवर आले. तिथं त्यांच्या ओळखीचे एक गुरुजी भेटले.

"काय सर, साहेब ड्यूटीवर निघालं जणू?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटून उभा. उघडलं असतं तर गुरुजी हसले असते.

"न्हाय," बाबा म्हणाले. "शिकायला चाललाय. एमएस्सीला."

"आँ? आणि ते चौकातलं?"

"ते व्हायचं हाय अजून."

"मग कधी हुतंय?"

"सांगता येत न्हाय." बाबांचे कान लालबुंद झालते. गुरुजींचं तोंड पुढच्या प्रश्नाला उघडंच हुतं, तवर बाबा माझ्यावर वसकले, "बघत काय उभारलाईस? चढ. जागा मिळायची न्हाय."

मिळालीच न्हाय. कोल्हापूरपर्यंत उभारून गेलो.